भाग दोनमधलं रडणं

आमच्या पिक्चरमधलं सगळ्यात चांगलं काय, असं आमगावात आजही कुणाला विचारलं तर तो सांगेल, ते रडणं. विळ्याने चिरलेले गळे, बारदान्याचा मुखवटा, कोंड्याच्या ढिगातून वर येणारा हात, यातलं फारसं कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. पण भाग दोनमध्ये एका म्हाताऱ्याचं प्रेत खाटेवर पडलेलं असतं आणि कॅमेऱ्याच्या बाहेरून एक बाई रडते. ती दिसत नाही, नुसती ऐकू येते. अर्धा-पाऊण मिनिटाचं ते रडणं ऐकून दिवाळीनंतरच्या मंडईत बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते. कोणाला आणलं रडायला, असं मला कितीतरी जणांनी विचारलं. नागपूरची आर्टिस्ट आहे, असं मी सगळ्यांना ठोकून दिलं.

ती माझी आत्या होती, आणि ती ॲक्टिंग करत नव्हती.

माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, साक्षगंध, शाळेचं गॅदरिंग, पासपोर्ट फोटो आणि अधूनमधून एखाद्या मयताचा शेवटचा फोटो, हे माझं काम. बारा-तेरा वर्षांपूर्वी मला आणि माझ्या दोन दोस्तांना खूनखराब्याचा पिक्चर काढायचं खूळ लागलं. एकाच्या वडलांची राईस मिल होती, म्हणून गोष्टही मिलमधलीच घेतली. धानाच्या बारदान्याला दोन भोकं पाडून तो तोंडावर घेतलेला एक माणूस हमालांना, मुनीमाला, शेवटी मालकालाही विळ्याने कापत सुटतो. तो का कापतो, ते आम्हालाही धड ठाऊक नव्हतं. शेवटी तो कोंड्याच्या ढिगाखाली गाडला जातो आणि पिक्चर संपतो.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं आणि दंडारीचे नाच-सोंगांचे खेळ, संध्याकाळनंतर नाटकं, आणि घराघरात इतके पाहुणे की पाय ठेवायला जागा नाही. आमची टॉकीज म्हणजे ही मंडईच. चादर अंथरायची, तिच्यावर डीव्हीड्या मांडायच्या, मागे एक टीव्ही आणि एक स्पीकर ठेवून पिक्चरमधला भारी तुकडा पुन्हापुन्हा दाखवत बसायचं. भाग एकच्या डीव्हीड्या पाहता पाहता संपल्या. म्हणून भाग दोन. गाडलेला माणूस कोंड्यातून बाहेर काढायचा, एवढंच आमच्याकडे ठरलेलं होतं. बाकी रक्त वाढवायचं होतं.

बाबा तरुणपणी दंडारीत आणि मंडईच्या नाटकांत कामं करायचे. त्यांना कायम मरायचे रोल मिळत आणि त्यांना ते आवडत. याच्यासारखं कोणी मरत नाही, असं गावात म्हणायचे आणि बाबा ते बक्षीस मिळाल्यासारखं सगळ्यांना सांगायचे. भाग एकमध्ये ते मुनीम झाले आणि पहिल्या दहा मिनिटांतच गेले. लोकांना ते मरण इतकं आवडलं की भाग दोनमध्ये आम्ही मुनीमाचा जुळा भाऊ आणला. तोही अर्थात मरायलाच आणला होता.

फक्त आता वय झालं होतं, पोट सुटलं होतं. प्रेत होऊन पडले की श्वासाबरोबर पोट वरखाली व्हायचं. मी कॅमेऱ्यामागून ओरडायचो, बाबा, दम रोखा. ते डोळे मिटूनच म्हणायचे, रोखतो ना बाबा, किती रोखू. माझ्यावर ते कधी चिडले नाहीत. मी मात्र चिडायचो, आणि चारचौघांत चिडायचो.

बाबांना एकच बहीण, त्यांच्यापेक्षा मोठी. आजी लवकर गेली, तेव्हा बाबांना आत्यानेच कडेवर वागवलं. बाबा तिला बाई म्हणत. तिचं सासर दरेकशाजवळ, स्टेशनपासून जंगलाच्या कडेकडेने तासभर चालून जायचं. थोडी शेती, थोडं बांबूचं काम. ती आमच्याकडे वर्षातून दोनदा येई, आणि भाऊबीजेला बाबा तिच्याकडे जात. आपला भाऊ या वयात पिक्चरमध्ये गळा चिरून घेतो, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. बाबांनीच मना केलं होतं. तिला असलं खपणार नाही, असं ते म्हणाले होते.

त्या दिवशी आम्ही आमच्या घरामागच्या वाडीत शूटिंग करत होतो. रक्त साखरेच्या पाकाचं, त्यात जिलेबीचा लाल रंग आणि थोडी कॉफी. गळ्यावर मुंग्या यायच्या, बाबा मुकाट्याने पडून राहायचे. पण भाग दोन म्हटल्यावर मला आणखी काहीतरी हवं होतं. मी खाटकाकडून बकऱ्याची आतडी आणली आणि बाबांच्या पोटावर मांडली. कॅमेरा सुरू केला, तर चिंचेवरून एक कावळा उतरला, आतडं ओढायला बाबांच्या छातीवर बसला आणि तिथून उडताना त्यांच्या डोक्याला पाय लावून गेला. बाबा हलले नाहीत. मला फार आनंद झाला, असा शॉट मागून मिळत नाही. मागच्या दारात उभ्या असलेल्या आईने मात्र हातातली थाळी खाली ठेवली आणि शूटिंग बंद करायला सांगितलं.

कावळा माणसाच्या अंगाला शिवला की आमच्याकडे ते मरणाचं बोलावणं मानतात. त्याच्यावर तोड एकच. त्या माणसाच्या जवळच्या नातलगाकडे, शक्यतो बहिणीकडे, तो मेल्याची खोटी बातमी पाठवायची. ती ऐकून तिने खरोखर रडायला हवं. रडणं झालं म्हणजे मरणाचं देणं फिटलं. मग निरोप आणणाऱ्याने हळूच सांगायचं, भाऊ बरा आहे, कावळा शिवला होता. मग तीच बाई डोळे पुसत हसते, त्याला चार शिव्या घालते आणि चहा पाजते. यात एक गोष्ट पक्की असते. निरोप परक्याने न्यायचा, शेजाऱ्याने किंवा ओळखीच्या कुणीतरी. पोटच्या पोराने बापाच्या मरणाची खोटी बातमी कधी द्यायची नसते. मला हे माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं.

आईने बाबांना कपड्यांसकट आंघोळ घातली आणि बजावलं की बाईकडे निरोप गेल्याशिवाय हे पुन्हा त्या खाटेवर झोपणार नाहीत. शेजारच्या काकांना सकाळच्या पॅसेंजरने पाठव, म्हणाली. ते जाऊन परत येईपर्यंत माझा सबंध दिवस बुडणार होता. मंडई तोंडावर आली होती, डीव्हीड्या छापायला टाकायच्या होत्या, कव्हरवरचा फोटोही निघायचा होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळी छतावर गेलो आणि आत्याच्या मुलाच्या मोबाईलवर फोन लावला. त्यांच्या घरी रेंज फक्त खिडकीत येई, म्हणून तो मोबाईल कायम खिडकीतच ठेवलेला असायचा. आत्यानेच उचलला.

मी म्हणालो, आत्या, बाबा गेले.

तिने विचारलं, कवा? मी म्हणालो, आत्ता सकाळी. मग ती रडायला लागली आणि तेवढ्यात लाईन कटली. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला, चार-पाचदा लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मग मी मनाशी म्हटलं, रडणं झालं ना, म्हणजे काम झालं. आत्या जुनी बाई आहे, समजून घेईल. खाली आलो तर आईने विचारलं, रडली का? रडली, म्हणालो. कावळ्याचं सांगितलं ना मग? हो, म्हणालो. हे दुसरं खोटं, आणि ते कुठल्याही रिवाजात बसणारं नव्हतं.

दुपारी बाबा पुन्हा खाटेवर आडवे झाले. यावेळी आतडी नाहीत, नुसता चिरलेला गळा आणि छातीपर्यंत ओघळलेलं रक्त. मी कॅमेरा तिपाईवर लावून बाबांच्या डोक्यापासून पोटापर्यंतची फ्रेम धरली आणि सुरू केला. बाबांनी दम रोखला. त्याच वेळी बाजूच्या बोळातून आत्या वाडीत आली.

मागे तिचा मुलगा, त्याच्या काखेत घडी केलेलं नवं पांढरं कापड. तिने कॅमेरा पाहिला नाही, आम्हाला पाहिलं नाही. तिला फक्त खाट दिसली. ती तिथेच थबकली आणि रडायला लागली. ते रडणं मला लिहिता येणार नाही. त्यात शब्द थोडे होते, कसा गेला रे माहा भाऊ, एवढेच, पण मी शंभर घरी मयताचे फोटो काढले आहेत आणि तसं रडणं कुठे ऐकलेलं नाही. बाबा डोळे मिटून होते. त्यांनी नंतर मला सांगितलं, त्यांना वाटलं मी त्या सीनसाठी कोणी बाई आणली आहे आणि काय झकास रडते आहे. तिचं काम बिघडू नये म्हणून ते आणखी निपचित पडून राहिले. वीस-पंचवीस सेकंद त्यांनी श्वास धरला, मग पोट हललंच.

आणि मी कॅमेरा बंद केला नाही. हात बटणापाशीच होता. मला सगळं कळलं होतं, ती का आली ते कळलं होतं, तरी मी आवाजाचा काटा कसा नाचतो ते पाहत होतो.

आत्याने पुढे होऊन बाबांच्या गालावरून गळ्यापर्यंत हात फिरवला, तेव्हा बाबांना तो हात ओळखू आला. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, बाई? आत्या किंचाळली नाही. तिने आपला लाल, चिकट हात पाहिला. त्यावर एक मुंगी होती. मग तिने माझ्याकडे आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं.

कावळा शिवला होता आत्या, मी म्हणालो.

या वाक्यानंतर बाया हसतात. आत्या हसली नाही. तिने हापशीवर हात धुतला, चहाला नको म्हणाली. आई रडत मला बोल लावत होती, तिला आत्याने उलट समजावलं. पांढरं कापड तिने आमच्याच खाटेवर ठेवलं, कारण असं कापड घरी परत नेत नाहीत. बाबा तिला स्टेशनपर्यंत पोचवायला गेले, गळ्यावरचा रंग तसाच घेऊन, आणि रस्त्यात लोक थांबून पाहत होते.

ते कापड आईने पेटीच्या तळाशी ठेवलं.

आठवड्याने मी एडिटिंगला बसलो. बाबा मागे स्टुलावर होते. तो सीन आला आणि त्यांनी पूर्ण ऐकला. मग म्हणाले, हे काढ. मी म्हणालो, आत्या कुठे दिसते, हात यायच्या आधीच कट केलं आहे, कोणाला कळणार आहे? ते म्हणाले, "मले मालूम आहे ना." पोट हललेलं दिसत होतं, तरी मी तो शॉट पूर्ण ठेवला, कारण तसं रडणं पुन्हा मिळणार नव्हतं. बाबा उठून घरी गेले. त्यानंतर त्यांनी माझ्या कॅमेऱ्यासमोर कधी काम केलं नाही.

भाग दोन मंडईला आला आणि भाग एकपेक्षा जोरात चालला. पोरं टर उडवायची, मेलेला दम घेऊन राहिला पाय, बघ कसा श्वास घेतो, म्हणायची. पण बाया रडण्याजवळ गप्प व्हायच्या, म्हणून आमच्या दुकानावर तोच तुकडा लावलेला असायचा. दरेकशाकडच्या मंडईतही दोस्ताने तोच लावला. त्याने मला नंतर सहज सांगितलं की एक म्हातारी टीव्हीसमोर बराच वेळ उभी होती. तुकडा संपला, पुन्हा सुरू झाला, ती तशीच उभी. त्याला वाटलं तिला डीव्हीडी घ्यायची आहे. सोबतचा माणूस मान खाली घालून होता. मग ते दोघे काही न घेता निघून गेले.

चार दिवसांनी आत्याच्या मुलाचा फोन आला. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "माय विचारून राहिली, माहं रडणं विकून राहिला का तो?"

मी फोन ठेवून दिला. माफी मागायला काही पैसे पडत नव्हते, एक पॅसेंजर पकडायची होती. मी गेलो नाही. आधी लाज वाटली म्हणून, मग उशीर झाला म्हणून, मग आता विषय कशाला उकरायचा म्हणून. पुढच्या भाऊबीजेला बाबा गेले. आत्याने त्यांना पाणी दिलं, पोटभर जेवू घातलं, पण ओवाळलं नाही. जित्या माणसाला ओवाळतात, म्हणाली म्हणे. त्याच्या पुढच्या वर्षीही बाबा गेले आणि तसेच आले. तिसऱ्या वर्षी कपडे घालून तयार झाले, ओसरीत बसले आणि उठलेच नाहीत. मी विचारलं, तर गाडी लेट आहे म्हणाले.

त्याच फाल्गुनात बाबा गेले. सकाळी चहाची बशी हातात होती, ती तशीच कलंडली. डॉक्टर येऊन पाहून गेला. शेजारपाजारची माणसं जमली, आणि आई म्हणाली, बाईला कळव. मी छतावर गेलो. त्याच जागी उभं राहून त्याच नंबरला फोन लावला. तेव्हाही मला सुचलं नाही की यावेळी तरी कोणाला तरी पाठवावं. पोरगा आहे, पोरानेच सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. आत्याने उचलला. मी सांगितलं.

"काऊन रे," ती म्हणाली, "किती वेळा मारशील आपल्या बापाले?"

आणि तिने फोन बंद केला. मी पुन्हा लावला, लागला नाही. तिचा मुलगा बांबूच्या कामावर जंगलात होता. सालेकशाच्या एका नातलगाला मी फोन करून तिकडे पिटाळलं, पण त्याला पोचायलाच दुपार झाली. इकडे दुपारच्या पॅसेंजरची वाट पाहिली, त्यातून कोणी उतरलं नाही. जाणती माणसं म्हणाली, उन्हं चढली आहेत, आता ठेवणं बरं नाही. आईने पेटी उघडली आणि ते पांढरं कापड काढून माझ्या हातात दिलं. कोणीतरी म्हणालं, एक शेवटचा फोटो घे. मला कॅमेरा उचलवला नाही. शंभर घरी जे केलं, ते स्वतःच्या घरी जमलं नाही. आत्या आणि तिचा मुलगा पोचले तेव्हा आम्ही घाटावरून परत येऊन आंघोळी करत होतो. ती दारातूनच फिरली. तेरवीलाही आली नाही.

महिन्याने तिच्या मुलाने सांगितलं, माय जेवत नाही, भावाचं शेवटचं तोंड पाहिलं नाही म्हणते. मी स्टुडिओत सगळं धुंडाळलं. बाबांचे हसतानाचे, जेवतानाचे फोटो होते. डोळे मिटलेला एकही नव्हता. मग आठवलं, त्या दिवशी रक्त लावायच्या आधी मी नुसता लाईट पाहायला त्यांना खाटेवर झोपवून थोडं शूट केलं होतं. स्वच्छ गळा, मिटलेले डोळे. त्या टेपा काढून पाहिल्या. आम्ही टेप फेकत नाही, तिच्यावरच पुढचं काम घेतो. बाबांच्या जागी कुणाच्या तरी साक्षगंधाची जेवणावळ निघाली. शेवटी उरली ती फक्त डीव्हीडी. ती खिशात घालून मी दरेकशाला गेलो.

आत्या खाटेवर बसली होती, पार वाळलेली. मी पायांवर डोकं ठेवलं आणि जे इतकी वर्षं बोललो नव्हतो ते बोललो. लाईन कटल्याचं, आईशी खोटं बोलल्याचं, कॅमेरा सुरू ठेवल्याचं, बाबांनी काढ म्हटलेलं असताना न काढल्याचं. ती ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "माह्याच कापडात नेलं का त्याले?" हो, म्हणालो. तिने मान हलवली. मग म्हणाली की आता तिला रडूच येत नाही. सगळे म्हणतात रड, मोकळी हो, पण येत नाही.

"माहं रडणं तू तवाच घेऊन गेला," ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली. राग असता तर मला सोसला असता.

मी डीव्हीडी बाहेर काढली. यात बाबा आहेत, म्हणालो, पण रक्त आहे, तसाच आहे सीन, दुसरा नाही माझ्याकडे. ती म्हणाली, असू दे, दाव. तिच्या मुलाने कोपऱ्यातला धूळ बसलेला प्लेयर पुसला. मी पुढे पळवत पळवत खाटेपाशी आणलं. पडद्यावर बाबा आले, डोळे मिटलेले, गळा चिरलेला. लगेच ते रडणं सुरू झालं. आत्याने माझ्याकडे न पाहता हात वर केला.

"आवाज बंद कर."

मी बंद केला. आता नुसते बाबा होते. आत्या उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन खाली बसली. तिने कपाळापासून पाहायला सुरुवात केली, भुवया, नाक, मिशा, गळ्याशी थांबली नाही. थोड्या वेळाने बाबांचा रोखलेला दम सुटला आणि पोट वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. यासाठी मी त्यांना चारचौघांत ओरडलो होतो.

"श्वास घेऊन राहिला पाय," आत्या म्हणाली. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

सीन संपला, मुखवट्यावाला आला, तशी तिने मान फिरवली. बंद करू का, मी विचारलं. ती पदराने तोंड पुसत होती.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

मी पुन्हा लावलं.